दोष परिसराचा, ठपका प्रोग्रॅमवर

आपल्या परिषदेच्या ग्रंथालयातील जुन्या नियतकालिकांचे कागद आता हात लावताच कडेने झडू लागले आहेत, हे सभासदांस विदितच आहे. कित्येक अंकांची एकेकच प्रत उरली आहे. ती पाने स्कॅन करावी, त्यांवरील छापील अक्षरे संगणकाकडून ओळखवून घ्यावी आणि शोधता येईल असा मजकूर सिद्ध करावा, हे काम बडोद्यातील आम्ही काही शिक्षकांनी शाळेच्या संगणकावर हाती घेतले आहे. या कामात गेल्या पावसाळ्यात पंधरवड्याचा खंड पडला. खंडाचे कारण इतके क्षुल्लक होते की ते सांगताना संकोच वाटतो. परंतु ते वेळीच न कळल्यामुळे आमच्या हातून एका मुलावर अन्याय झाला, आणि स्कॅन केलेली साडेतीनशे पाने पुसली जाण्याची वेळ आली. शाळांतून व ग्रंथालयांतून अशी कामे आता सुरू झाली आहेत. तेव्हा आमची फजिती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून तिचा उलगडा थोडा विस्ताराने करण्याचे योजिले आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर. संगणकशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. पण या प्रकरणात जे शिकलो ते शास्त्रापेक्षा वाचनाच्या सवयीशी अधिक निगडित आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो. छापील अक्षरे ओळखण्यासाठी आम्ही ‘टेसरॅक्ट’ नावाचा प्रोग्रॅम वापरतो. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत 1985 ते 1994 या काळात तो तयार झाला. 2005 मध्ये तो सर्वांस खुला करण्यात आला, आणि पुढील वर्षापासून त्याच्या विकासास गूगलचे साहाय्य लाभले. त्याची रचना अशी की ओळखणारे यंत्र एकच, पण प्रत्येक भाषेची शिदोरी निराळी. मराठीची एक फाइल, गुजरातीची दुसरी, आणि या सर्व फाइली ‘टेसडेटा’ नावाच्या एका फोल्डरात असतात. तो फोल्डर सापडला नाही तर यंत्रास एकही अक्षर ओळखता येत नाही.

2017 साली शाळेच्या जुन्या संगणकावर या प्रोग्रॅमची तिसऱ्या मालिकेतील आवृत्ती एका माजी विद्यार्थ्याने बसवून दिली होती. त्या वेळी काय काय केले ते आम्ही एका वहीत उतरवून ठेवले. पुढे नवा संगणक आला, त्यावर पाचवी आवृत्ती बसविली. ती कोठे काही वेगळे न सांगताही चालू झाली, आणि मराठी पाने सुरळीत निघू लागली. मग जुन्या अंकांतील गुजराती जाहिरातींची पाने आली. त्यांसाठी गुजरातीची फाइल घालणे आवश्यक होते. एका शुक्रवारी सायंकाळी आम्ही ती जुनी वही उघडली, फाइल फोल्डरात ठेवली, वहीत लिहिल्याप्रमाणे संगणकाच्या सेटिंगमध्ये एक नाव व त्यापुढे एक पत्ता भरला, आणि शाळा बंद करण्याची वेळ झाली म्हणून काम चालवून न पाहताच घरी गेलो.

शनिवारी सकाळी नववीतील एक मुलगा नेहमीप्रमाणे मदतीस आला. त्याने पेन-ड्राइव्ह लावून नवी पाने संगणकात घेतली व प्रोग्रॅम सुरू केला. प्रोग्रॅम तत्क्षणी बंद पडला. काळ्या खिडकीत चार-पाच इंग्रजी ओळी उमटल्या आणि पुढे काहीच होईना. आम्ही धावत गेलो. पेन-ड्राइव्ह कोणाचा, त्यात काय होते, कोणास विचारून लावलास, असे प्रश्न एकामागून एक विचारले. “मी काहीच केलं नाही, सर,” एवढेच तो म्हणाला. “काहीच केलं नाहीस तर बिघडलं कसं?” असे आम्ही चार मुलांदेखत विचारले. पुढच्या शनिवारी तो आला नाही.

दरम्यान आम्ही प्रोग्रॅम काढून पुन्हा बसविला. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्यांदा तेच केले, तरीही तेच. तेव्हा संगणक समूळ पुसून सर्व काही नव्याने बसवावे असे ठरले. एका सहकाऱ्याने आठवण दिली की साडेतीनशे पानांची दुसरी प्रत अजून कोठेही ठेवलेली नाही, आणि त्यांतील काही पाने स्कॅन करतानाच फाटली आहेत. म्हणून तो बेत दोन दिवस लांबला. त्या दोन दिवसांत आम्ही माजी विद्यार्थ्यास दूरध्वनी केला. त्याने कोणताही उपाय सांगितला नाही. एकच विनंती केली: “सर, पडद्यावर जे आलंय ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मला वाचून दाखवा.”

पंधरा दिवसांत ते आम्ही एकदाही केले नव्हते. ‘एरर’ हा पहिला शब्द पाहिला की आमचे डोळे पुढे जात नसत. आता वाचू लागलो. पहिल्या ओळीचा आशय असा होता: अमुक पत्त्यावरील मराठीची फाइल उघडता आली नाही. दुसरी ओळ: टेसडेटा_प्रीफिक्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तुमच्या टेसडेटा फोल्डराकडे निर्देश करीत आहे याची खात्री करून घ्या. पुढील ओळींत, कोणतीच भाषा चढविता आली नाही म्हणून काम सुरू करता येत नाही, असे सांगितले होते. दुसरी ओळ वाचतानाच आमचा आवाज अडखळला. टेसडेटा_प्रीफिक्स हे नाव शुक्रवारी सायंकाळी आम्हीच आमच्या हाताने लिहिले होते.

चूक अशी होती. तिसऱ्या मालिकेत या नावापुढे टेसडेटा फोल्डर ज्या फोल्डरात आहे त्याचा, म्हणजे बाहेरच्या फोल्डराचा, पत्ता लिहावा लागे. 2018 मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हापासून खुद्द टेसडेटा फोल्डराचाच पत्ता लिहावा लागतो. वहीतील नोंद 2017 साली अचूक होती. आम्ही ती शब्दशः उतरविली. नाव तेच, पत्ताही तसाच, पण त्या नावाचा अर्थ मध्यंतरी बदलला होता. प्रोग्रॅम बिचारा आम्ही सांगितलेल्या दारी गेला, तेथे फाइल नाही असे त्यास आढळले, आणि तसे सांगून तो थांबला. वास्तविक त्यास काहीच सांगितले नसते तर त्याने आपल्या शेजारचा फोल्डर आपणच शोधला असता. तसाच तो इतके दिवस चालत होता.

आता हे ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ म्हणजे काय ते पाहू. गणितात ज्याचे मूल्य बदलू शकते त्यास आपण ‘चल’ म्हणतो. त्या धर्तीवर या लेखापुरता ‘परिसर-चल’ हा शब्द वापरतो. प्रत्यक्ष काम करणारी मुले मात्र इंग्रजी नावच वापरतात, हे लक्षात असावे. परिसर-चल म्हणजे एक नाव आणि त्यास जोडलेले एक मूल्य, एवढेच. प्रोग्रॅम सुरू होताना संगणक त्याच्या हाती अशा नावांची व मूल्यांची एक यादी देतो. तात्पुरत्या फाइली कोठे ठेवाव्या, वापरणाऱ्याचे घरचे फोल्डर कोणते, इतर प्रोग्रॅम कोठे शोधावे, भाषा कोणती, अशा गोष्टी तीत असतात. बेल प्रयोगशाळेतील युनिक्स या संगणक-प्रणालीच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीत ही व्यवस्था आली. 1983 मधील पीसी-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीतही ती होती, आणि विंडोज व लिनक्स यांत ती आजही आहे.

भाषेच्या शिक्षकास हा प्रकार अपरिचित नाही. “कोठे निघालात?” या प्रश्नास “बाजारात” असे उत्तर येते, ‘निघालो’ हे क्रियापद अध्याहृत असते. ते वाक्यात नाही म्हणून वाक्य अपुरे ठरत नाही, कारण ऐकणारा ते परिसरातून घेतो. याहून जवळचा दाखला पाणिनीच्या सूत्रांतील अनुवृत्तीचा. मागील सूत्रातील पद पुढील सूत्रात न लिहिताही चालत येते, आणि ते लक्षात न घेता पुढील सूत्र एकटे वाचले तर अर्थ लागत नाही. प्रोग्रॅमचेही तसेच आहे. त्याचा लेखक सर्वच काही लिहून ठेवीत नाही. काही पदे परिसरातून यावी अशी अपेक्षा ठेवतो. ते पद आलेच नाही, किंवा चुकीचे आले, तर निर्दोष लिहिलेला प्रोग्रॅमही कोसळतो.

यावरून आमच्या दोन चुका कशा झाल्या हे ध्यानात येईल. परिसर-चल प्रोग्रॅमच्या फोल्डरात राहत नाही, तर त्याच्या बाहेर, संगणकाच्या सेटिंगमध्ये राहते. म्हणून प्रोग्रॅम दोनदा काढून दोनदा बसविला तरी आम्ही लिहिलेला चुकीचा पत्ता जागचा हलला नाही. दुसरे असे की संगणक समूळ पुसला असता तर तो पत्ताही पुसला जाऊन काम चालू झाले असते, आणि आम्ही उपाय सापडल्याच्या समाधानात राहिलो असतो. साडेतीनशे पाने गेली असती ती गेलीच असती. परंतु पुन्हा गुजराती फाइल घालण्याची वेळ आली असती, पुन्हा तीच वही उघडली असती आणि पुन्हा तोच पत्ता लिहिला गेला असता. कारण न कळता जो उपाय लागू पडतो तो दुखणे पुढे ढकलतो, दूर करीत नाही.

दोष कळला तरी आमची परीक्षा संपली नव्हती. सेटिंगमध्ये पत्ता सुधारला, काळ्या खिडकीत येऊन पुन्हा आज्ञा दिली, आणि तोच संदेश पुन्हा आला. आम्ही खचलो. तेव्हा दूरध्वनीवरून सांगण्यात आले की ही खिडकी बंद करा आणि नवी उघडा. तसे करताच काम चालले. कारण असे की प्रोग्रॅमला परिसराची यादी सुरू होतेवेळी मिळते, आणि ती मूळ यादीची नक्कल असते. मूळ यादीत मागाहून केलेला बदल आधीच चालू असलेल्या प्रोग्रॅमला कळत नाही. जुनी खिडकी जुनीच नक्कल घेऊन बसली होती, आणि तिच्यातून जो प्रोग्रॅम सुरू होई त्यालाही ती तीच नक्कल वारशाने देई. हा वारसा एकाच दिशेने जातो. मुलाने आपल्या यादीत बदल केला तरी तो बापाच्या यादीत उतरत नाही. योग्य दुरुस्ती करूनही ‘फरक पडला नाही’ असे समजून ती पुसून टाकणारे आमच्यासारखे अनेक असतील.

तिसरी अडचण आठवड्याने आली, आणि ती मराठीच्या अभ्यासकांस विशेष विचार करावयास लावणारी आहे. ओळखलेली पाने एकत्र करून लेखांची शीर्षके काढणारा एक छोटा प्रोग्रॅम त्याच माजी विद्यार्थ्याने पायथॉन भाषेत लिहून दिला होता. तो चालविला की शीर्षके पडद्यावर व्यवस्थित दिसत. पण तीच शीर्षके पडद्याऐवजी फाइलीत जावी अशी आज्ञा दिली की पहिल्याच देवनागरी अक्षराशी प्रोग्रॅम कोसळे. ‘चारमॅप’ या पद्धतीने ही अक्षरे लिहिता येत नाहीत, असा त्याचा संदेश होता. या खेपेस मात्र आम्ही संदेश शेवटपर्यंत वाचला.

त्याचा अर्थ असा. संगणकात प्रत्येक अक्षरास एक क्रमांक असतो, आणि क्रमांक देण्याची कोष्टके निरनिराळी आहेत. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीस 128 स्थानांचा स्वतंत्र गट आहे. परंतु पाश्चात्त्य युरोपीय भाषांसाठी केलेले 256 स्थानांचे एक जुने कोष्टकही विंडोजमध्ये टिकून आहे, आणि आपल्याकडील इंग्रजी मांडणीच्या संगणकांवर बहुधा तेच मूळचे म्हणून नेमलेले असते. त्यात ‘अ’ नाही, ‘क’ही नाही. पायथॉनच्या त्या आवृत्तीत पडद्यावर लिहिताना युनिकोड वापरले जाई, पण आउटपुट फाइलीकडे वळविताच, दुसरे काही सांगितलेले नसल्यास, ते जुने कोष्टक वापरले जाई. म्हणजे येथे चूक काही सांगितल्याने झाली नव्हती, तर सांगावयाचे राहून गेल्याने झाली होती. पायथॉनयूटीएफ8 या नावाचे परिसर-चल लिहून त्यास 1 हे मूल्य दिले, नवी खिडकी उघडली, आणि शीर्षके फाइलीत उतरली. 2018 मधील 3.7 या आवृत्तीपासून ही सोय आहे. (अशी नावे रोमन लिपीत लिहावयाची असतात, येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.) यंत्र मराठीस प्रतिकूल आहे अशी तक्रार आम्ही तोवर करीत होतो. वस्तुतः आपण मराठीत लिहिणार आहोत हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते.

या तीन प्रसंगांनंतर आम्ही अशा दोषांची जी वर्गवारी करून ठेवली आहे ती येथे देतो.

पहिला दोष नावाचा. लिनक्समध्ये लहान व मोठी रोमन अक्षरे भिन्न मानली जातात, विंडोजमध्ये नाहीत. त्यामुळे एका संगणकावर चाललेले नाव दुसऱ्यावर चालेलच असे नाही. काळ्या खिडकीत ‘सेट’ ही आज्ञा लिहिताना बरोबरीच्या चिन्हाआधी एक मोकळी जागा सुटली तर विंडोज ती जागा नावाचाच भाग समजते, आणि दिसावयास सारखे पण वस्तुतः निराळे असे नाव तयार होते.

दुसरा दोष मूल्याचा. मूल्याच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, किंवा त्याभोवती घातलेली अवतरणचिन्हे, याच आज्ञेत मूल्याचा भाग होऊन बसतात. पत्त्यांची यादी द्यावयाची असेल तर विंडोजमध्ये दोन पत्त्यांमध्ये अर्धविराम लागतो, आणि लिनक्समध्ये अपूर्णविराम. शिवाय मूल्य नेहमी मजकूर असते. ‘नाही’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला तरी कित्येक प्रोग्रॅम त्यातील अर्थ पाहत नाहीत. काहीतरी लिहिले आहे एवढेच पाहून ‘होय’ असे समजतात.

तिसरा दोष पातळीचा. आमचे प्रकरण याच जातीचे होते. फोल्डर बाहेरचा की आतला, याने सर्व फरक पडतो. जावा भाषेचे प्रोग्रॅम ज्यावर अवलंबून असतात ते जावा_होम हे परिसर-चल याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्यात जावाच्या मुख्य फोल्डराचा पत्ता हवा असतो, आणि पुष्कळ लोक त्याच्या आतील ‘बिन’ या फोल्डराचा लिहितात. पायथॉनहोम चुकीचे असेल तर पायथॉनला स्वतःचेच मूलभूत भाग सापडत नाहीत, आणि आपल्या प्रोग्रॅमची पहिली ओळ वाचण्याआधीच तो कोसळतो.

चौथा दोष स्थळाचा. विंडोजमध्ये सर्वांसाठीची एक यादी व प्रत्येक वापरणाऱ्याची स्वतंत्र यादी अशा दोन याद्या असतात. एकच नाव दोन्हीकडे असल्यास वापरणाऱ्याचे मूल्य ग्राह्य धरले जाते. ‘पाथ’ हे नाव मात्र अपवाद आहे. त्यात आधी सर्वांचे पत्ते आणि त्यांमागे वापरणाऱ्याचे जोडले जातात. हाताने चालविलेला प्रोग्रॅम चालतो आणि रात्री आपोआप चालावा म्हणून नेमलेला तोच प्रोग्रॅम कोसळतो, असे झाले तर प्रथम येथेच पाहावे. लिनक्समध्ये ठरल्या वेळी कामे करणारा ‘क्रॉन’ अगदी तोकडी यादी देतो, आणि विंडोजमध्ये दुसऱ्या खात्याच्या नावाने चाललेल्या कामास आपली यादी दिसत नाही.

पाचवा दोष काळाचा. जुनी खिडकी उघडी राहणे हा त्याचा एक प्रकार, आणि नवी आवृत्ती येऊन जुन्या नावाचा अर्थ बदलणे हा दुसरा.

आता शोध घेण्याचा क्रम सांगतो. संदेश पूर्ण वाचावा आणि तो कागदावर उतरवून घ्यावा. त्यात नाव, पत्ता किंवा फाइल यांचा उल्लेख असेल त्याखाली रेघ मारावी. बहुतेक वेळा उत्तर तेथेच असते. त्यानंतर, शेवटचे यशस्वी काम केव्हा झाले आणि तेव्हापासून काय बदलले, असे स्वतःस विचारावे. ‘काय बदलले’ यात स्वतः केलेले बदलही धरावे. आमची चूक नेमकी येथे झाली. विश्वासातल्या वहीतून उतरवून घेतलेली गोष्ट आम्हांस बदल वाटलीच नाही.

यानंतर मूल्य प्रत्यक्ष पाहावे. आठवणीवर विसंबू नये. विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘एको’ लिहून पुढे टक्क्यांच्या दोन चिन्हांमध्ये नाव लिहिले म्हणजे त्याचे मूल्य दिसते. उत्तरादाखल ते नावच टक्क्यांच्या चिन्हांसह परत आले तर असे परिसर-चल अस्तित्वातच नाही असे समजावे. लिनक्समध्ये ‘प्रिंटएन्व्ह’ ही आज्ञा हेच काम करते. एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम संगणकावर असल्याचा संशय आला तर विंडोजमधील ‘व्हेअर’ ही आज्ञा त्या सर्वांचे पत्ते क्रमाने सांगते, आणि त्यांतील पहिला चालतो. टेसरॅक्टला उपलब्ध भाषांची यादी विचारण्याची सोय आहे. तीत मराठी व गुजराती दिसल्यावरच पाने द्यावयाची, असा आता आमचा परिपाठ आहे. दिसलेला पत्ता खरोखर अस्तित्वात आहे की नाही, हेही फोल्डर उघडून पाहावे.

मग एका वेळी एकच बदल करावा, नवी खिडकी उघडावी आणि पुन्हा चालवून पाहावे. उपयोग झाला नाही तर तो बदल मागे घेऊन दुसरा करावा. तीन बदल एकदम केले आणि काम चालू झाले तर कशाने चालले हे कळत नाही, व पुढच्या वेळी तिन्ही करावे लागतात. शक्य असेल तेथे बदल आधी त्या खिडकीपुरताच करावा; खिडकी बंद होताच तो जातो. योग्य ठरला तरच सेटिंगमध्ये कायम करावा.

दोन सावधगिरीच्या सूचना. ‘सेटएक्स’ ही विंडोजची आज्ञा मूल्य कायम करते, परंतु ते 1024 अक्षरांपेक्षा लांब असेल तर उरलेले कापून टाकते. ‘पाथ’ची यादी पुष्कळदा याहून लांब असते, आणि ती कापली गेली की ज्यांचा आपल्या कामाशी संबंध नाही असे प्रोग्रॅमही सापडेनासे होतात. म्हणून ‘पाथ’ बदलण्यापूर्वी त्याचे जुने मूल्य फाइलीत उतरवून ठेवावे. दुसरी सूचना अशी की मदत मागताना परिसराची संपूर्ण यादी कोणास पाठवू नये. कित्येक प्रोग्रॅम आपले पासवर्ड व गुप्त किल्ल्या त्याच यादीत ठेवतात. जेवढे नाव संदेशात आले असेल तेवढेच पाठविणे पुरेसे असते.

शिक्षकांच्या दृष्टीने या प्रकरणातील बोधाची गोष्ट आम्हांस वाचनाशी संबंधित वाटते. प्रश्न दोनदा वाचा, मग उत्तर लिहा, असे मुलांना सांगण्यात आमची तीस वर्षे गेली. ज्या दिवशी प्रश्न आमच्यापुढे आला त्या दिवशी आम्ही तो एकदाही वाचला नाही. उलट जो समोर दिसला त्याच्यावर दोष ठेवला. आधी मुलावर, मग प्रोग्रॅमवर. दोघेही केवळ बिघाडाच्या वेळी तेथे होते. वर्गात एखादा मुलगा अचानक मागे पडला की त्याच्या घरी काय चालले आहे याची चौकशी करावी, हे मुख्याध्यापकास कळते. तीच दृष्टी संगणकापुढे बसताना आम्ही बाहेर ठेवून आलो होतो.

त्या मुलास आम्ही बोलावून घेतले. दोष आपला होता हे, ज्या चार मुलांदेखत त्यास बोललो होतो त्यांच्याचदेखत, सांगितले. पेन-ड्राइव्हचा काही संबंध नव्हता, हे त्यास वही दाखवून समजावून दिले. त्याने वहीतील पान पाहिले आणि विचारले, “सर, यावर तारीख का नाही?” प्रश्न बरोबर होता. नोंद होती, पण ती कोणत्या दिवसाची व प्रोग्रॅमच्या कोणत्या आवृत्तीची, हे लिहिलेले नव्हते. 2017 हे सालसुद्धा आम्ही आठवणीनेच सांगत होतो.

आता नवी वही केली आहे. प्रत्येक नोंदीस तारीख, प्रोग्रॅमचे नाव व आवृत्ती, परिसर-चलाचे नाव, जुने मूल्य, नवे मूल्य आणि बदल करणाराचे नाव असे सहा रकाने आहेत. ती त्याच मुलाच्या स्वाधीन आहे. साडेतीनशे पानांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत, आणि गुजराती जाहिरातींसह ती सर्व पाने ओळखून झाली आहेत. ज्या सभासदांनी आपापल्या गावी असे काम आरंभिले असेल त्यांनी निदान अशी एक वही आजच घालावी, अशी आमची विनंती आहे.